इंजिन रनिंगला होतं तेव्हा

परवा सकाळी ओगलेवाडीच्या पुढं आमची जीप एका टेम्पोच्या मागं अडकली. टेम्पो रिकामा होता, रस्ता मोकळा होता, तरी तो वरातीतल्या घोड्यासारखा चालला होता. मागच्या फळीला तारेनं एक पुठ्ठा बांधलेला. त्यावर खडूनं लिहिलं होतं : 'इंजिन नवीन केले आहे. रनिंगला आहे. राग मानू नये, पुढे जावे.' दोन मोटारसायकली हॉर्न मारत पुढं गेल्या. मग उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर आला, मोठ्यानं गाणं लावलेला. तोही डुलत डुलत पुढं गेला. उसाच्या ट्रॅक्टरनं मागं टाकावं म्हणजे टेम्पोच्या जातीला केवढा अपमान! आम्ही मात्र मागंच राहिलो. तो पुठ्ठा वाचला आणि मला एकदम छातीत ऊबदार वाटलं. कुणीतरी खूप दिवसांनी आपल्या भाषेत बोलावं तसं.

हे दिवसच तसे. साखर कारखाने सुरू झाले की कराडच्या आसपासच्या हवेला मळीचा आंबूस-गोड वास सुटतो. डांबरावर उसाची कांडी चिरडून पडलेली असतात, बांधाबांधाला पाचट अडकलेलं असतं आणि सकाळी कृष्णेवरचं धुकं रस्त्यापर्यंत येऊन उन्हाची वाट बघत थांबतं. या वासानं लोकांना गुऱ्हाळ आठवतं, रस आठवतो, काकवी आठवते. मला ऑइल आठवतं. नव्यानं बांधलेल्या इंजिनातलं पहिलं, मधासारखं ऑइल, आणि काही दिवसांनी तेच बाहेर काढल्यावर त्यात चमकणारी धातूची बारीक, चंदेरी पूड. काही वर्षांपूर्वीचा एक अख्खा हिवाळा माझ्या मनात त्या वासाचा होऊन राहिला आहे. माझ्या आयुष्यातला सगळ्यात हळू गेलेला हिवाळा. आणि आता धीर करून लिहितो, सगळ्यात आनंदाचाही.

धीर करून अशासाठी, की मला आनंद झाला की पाठोपाठ अपराधी वाटतं. त्याला फार कारण लागत नाही. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. एखादा मुलगा नकाशात कोयना उलटी वाहवतो आणि मला वाटतं, आपणच नीट शिकवलं नाही. पाहुण्यांनी चहा अर्धा ठेवला तर साखर मीच चुकवलेली असते. आमची सुलभा, म्हणजे माझी बायको, येईल त्याला सांगते, "ह्यांच्या शेजारनं जाताना कुनाची चप्पल तुटली, तरी हेच माफी मागत्यात." लोक हसतात. मीही हसतो, आणि लोकांना हसवायला तिला माझ्यामुळं एवढं बोलावं लागलं याचंही थोडं वाईट वाटून घेतो.

तर त्या हिवाळ्याआधीच्या पावसाळ्याचा शेवट. गणपती नुकते गेले होते. आबा, माझे वडील, दुपारी रानातून आले आणि घरात न येता उंबऱ्यावरच बसले. शर्ट पाठीला चिकटलेला, ओठ जांभळट. "काय न्हाई, जरा दम लागलाय," म्हणाले. आयुष्यभर फौजेचे ट्रक चालवलेला, बर्फात चाकांना साखळ्या बांधून गाडी चढवलेला माणूस. 'जरा' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी ऐकला नव्हता, त्यानंच मी घाबरलो.

अंगणात आमची डिझेल जीप उभी होती. फौजेतून आल्यावर आबांनी ती घेतली आणि कराड ते पाटण वडाप केलं. सीट भरल्याशिवाय सुटायचं नाही आणि भरल्यावरही रस्त्यात हात केलेल्याला सोडायचं नाही, असा तो धंदा. त्या जीपनं किती बाळंतिणी, किती नवऱ्या, किती बोकड कोयनेच्या काठाकाठानं नेले याचा हिशेब नाही. मग वडाप थांबलं आणि जीप घरची झाली. तिच्या रेडिएटरचा पाइप झिरपत होता. मला माहीत होतं. 'रविवारी बघू' म्हणून ठेवलं होतं.

त्या दुपारी मी तिला मारलं. दुसरा शब्द नाही. अर्ध्या वाटेत टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात गेला. मी एकदा काट्याकडं बघितलं, एकदा आबांच्या ओठांकडं, आणि ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला नाही. बॉनेटखालून आधी गोड वाफेचा वास आला, मग जळक्या रबराचा, मग नुसतं तापलेलं लोखंड. दवाखान्याच्या दारात पोचलो. आबांना आत नेलं. मी गाडी बाजूला घ्यायला आलो तर इंजिन गच्च आवळलं होतं. हँडल घालूनही फिरेना. वॉचमननं आणि मी ती ढकलून गुलमोहराखाली लावली. तिच्या बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसला. तो चटका मला बरोबर वाटला.

त्याच आठवड्यात कराडात दोन छात्या उघडल्या गेल्या. आबांची दवाखान्यात आणि जीपची शौकत मिस्त्रीच्या गॅरेजात. मी सकाळी इकडं, संध्याकाळी तिकडं. शुद्धीवर आल्यावर आबांनी माझ्याकडं बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गाडी कुठं लावलीस?" मी रडतरडत सगळं सांगितलं. पाइप, काटा, जाम झालेलं इंजिन. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोचवलं न्हवं तिनं? मंग रडतूस कशापायी? माझ्यासाठी जीव दिला की रं तिनं. बांधून घे तिला पुन्ना. काय कमी करू नगंस."

मी काहीच कमी केलं नाही. नवे लायनर, नवे पिस्टन, नव्या रिंगा. मिस्त्री प्रत्येक वस्तू गोणपाटावर मांडून दाखवायचा आणि मी रुखवत बघायला आल्यासारखा वाकून बघायचो. लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या, आतून बोट फिरवलं तर बारीक तिरप्या रेघा लागायच्या, नव्या पाट्याला टाकी लावल्यावर लागतात तशा. दिवाळी झाली आणि एका सकाळी इंजिन सुरू झालं. आधी एक खोकला, मग दुसरा, मग पांढऱ्या धुराचा एक लोट आणि मग तो एकसारखा, भरदार, डिझेलचा आवाज. गॅरेजमधल्या कुणीतरी शिट्टी वाजवली. मी मात्र कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले.

शौकत मिस्त्रीनं हात पुसत पुसत सांगितलं, "सर, आता ही रनिंगला हाय, नवं पार्ट आत नीट बसंपतूर. सुरुवातीला वझं न्हाई, घाट न्हाई, चाळीसच्या पुढं काटा न्हाई. ऑइल लवकर बदलायचं." तो पुढंही काहीतरी सांगत होता. माझं ऐकणं तिथंच थांबलं होतं. मी मनात ठरवून टाकलं होतं की चाळीस तर लांबच, मी हिला पंचविसाच्या पुढं नेणार नाही.

आणि मग सुरू झाला तो हिवाळा. इंजिनाला किलोमीटर हवे होते, म्हणून शाळा सुटली की मी जीप घेऊन निघायचो, कुठं जायचं ते न ठरवता. काम नसताना फिरायला निघणं आमच्या घराण्यात कुणाला माहीत नव्हतं. पण आता इंजिनाची आज्ञा होती. इतकी वर्षं मी ज्या रस्त्यांवरून गेलो ते रस्ते मला पहिल्यांदा दिसायला लागले. पंचविसाच्या वेगात उसाचा मळा हिरवा पट्टा राहत नाही, त्यातली एकेक सरी वेगळी दिसते. तुऱ्यांवर मावळतीचं ऊन पडलं की सगळं शिवार राखाडी-गुलाबी होतं. गुऱ्हाळाच्या चुलवाणातला जाळ दिसण्याआधी त्याची ऊब गालाला कळते. कॅनॉलवर कपडे आपटल्याचा आवाज कपडा खाली आल्यावर जरा थांबून ऐकू येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, कधी ऐकलं नव्हतं. ज्या तालुक्याचा नकाशा मी डोळे मिटून फळ्यावर काढायचो, तो तालुका अशा वासांचा आणि आवाजांचा आहे हे मला पन्नाशीच्या दारात कळलं.

एका रविवारी सुलभा म्हणाली, "मलाबी न्या की. का माझं वझं हुईल इंजिनाला?" आम्ही पाटणकडं निघालो. मागच्या फळीला मी पुठ्ठा लावला होता : 'रनिंग चालू आहे. क्षमस्व.' तो 'क्षमस्व' वाचून सुलभा पाच मिनिटं हसत होती. डाव्या हाताला कोयना, पलीकडं डोंगर, डोंगरावर पवनचक्क्या आमच्याइतक्याच सावकाश फिरणाऱ्या. वाटेत एक मेंढ्यांचा कळप लागला. पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातला धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन खाली कोकणाच्या दिशेनं निघतो, तो हा. मेंढ्या बाजूला झाल्या, आम्ही पुढं गेलो. सुलभानं चहाला थांबवलं, चहा होईतो कळप पुढं. पुन्हा आम्ही पुढं. पुन्हा पेरू घ्यायला थांबलो, पुन्हा कळप पुढं. शेवटी घोंगडं घेतलेल्या म्हाताऱ्या धनगरानं न राहवून खिडकीत डोकं घातलं.

"सायेब, गाडी बिघाडलीया का?"

"नाही हो मामा. नवं इंजिन आहे."

त्यानं जीपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि सुलभाला विचारलं, "मंग जुनं काय वंगाळ हुतं?"

परत येताना मांडीवर तांदळाची पिशवी आणि ओच्यात पेरू घेऊन सुलभा गुणगुणत होती. कुठलं गाणं ते तिलाही सांगता आलं नसतं. म्हणाली, "लग्न झाल्यापासनं तुमी मला पयल्यांदा कुटंतरी सावकाश नेलंसा." मी इतका सुखावलो की घर जवळ येईपर्यंत अपराधी वाटायचं राहूनच गेलं. वळणावर ओसरी दिसली आणि ते सगळं एकदम आलं.

कारण ओसरीवर आबा बसलेले असायचे. खुर्चीत, पाठीला उशी, अंगावर शाल, डोक्याला कानटोपी. मी त्यांना तसं बसवलं होतं. रानात जायचं नाही, जिना चढायचा नाही, बादली उचलायची नाही. दाढीचं पाणीसुद्धा मी आणून द्यायचो. तात्या, त्यांचा फौजेतला दोस्त आणि आमचा शेजारी, रोज येऊन टोमणा मारायचा, "काय हवालदार, उन्हात वाळवाय ठिवलंय का काय पोरानं तुला? सांडगा करतूय वाटतं." आबा आधी हसायचे. मग नुसते ओठ हलायचे. मग तेही राहिलं. जेवण निम्म्यावर आलं. दुपारी बोललं तर ऐकू न आल्यासारखं करायचे. त्यांची धाकटी बहीण, आमची हौसाआत्या, कवठे महांकाळकडं दिलेली. तिचा फोन यायचा, "दादा, ज्वारी भरलीया, हुरड्याला ये." आबा फोन माझ्याकडं द्यायचे आणि मी सांगायचो, "आत्या, एवढा प्रवास झेपायचा नाही त्यांना. पुढच्या वर्षी बघू." फोन ठेवल्यावर आबा म्हणायचे, "म्होरल्या वर्साचं कुनी बघितलंय." आणि कानटोपी डोळ्यांवर ओढायचे.

मला दिसत होतं, ते विझत चालले होते. मला वाटायचं, आपलीच काळजी अजून कुठंतरी कमी पडतेय. मग मी दुसरी शाल आणायचो.

एकाच गोष्टीनं ते जागे व्हायचे. मी जीप अंगणात लावली की हात करायचे, "बंद करू नगं." मग खुर्चीतून उठून, माझा हात झटकून, हळूहळू बॉनेटपाशी यायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टर त्यांच्या छातीला नळी लावायचे, हे जीपच्या छातीला. एक दिवस असं ऐकून झाल्यावर ते सायलेन्सरपाशी गेले, वाकले आणि बोट आत फिरवून बाहेर काढलं. बोट काळं नव्हतं, ओलं होतं. तेलकट.

"ऑइल खातीया," ते म्हणाले. "कवापासनं निळा धूर सोडतीया?"

मला धूर दिसलाच नव्हता. मी पुढं बघून चालवत होतो, तोही इतका जपून.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडं गेलो. त्यानं विचारलं, "कितीवर चालवता, सर?" मी अभिमानानं सांगितलं. तो डोक्याला हात लावून पाटावर बसला. "आवं सर, सुरुवातीला जपा म्हनलं मी. पण म्होरं काय म्हनलं? हळूहळू वझं टाका, चढ दाखवा, असंच म्हनलं न्हवं? नुसती फिरवून आनलीसा हिला. रिंगा लायनरला दाबून घासल्याबिगर बसत न्हाईत. न्हाई बसल्या तर ऑइल वर चढतंय, लायनर आरशागत गुळगुळीत हुतंय, मंग काय उपेग न्हाई. पुन्ना खोलायची."

"आता?"

"आता घाट. आन माणसं भरून. एक डाव बघू. धूर गेला तर गेला."

घरी येऊन मी ओसरीवर हे सांगितलं तेव्हा माझा आवाज पडला होता. एकदा जाळून मारलं आणि दुसऱ्यांदा जपून मारत होतो. आबांनी सगळं ऐकलं. मग अंगावरची शाल काढली, तिची घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवली. मला म्हणाले, "ऐतवारी हौसाकडं जायचं. सुर्लीच्या घाटानं." विचारलं नाही, सांगितलं.

रविवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर येतो तो अंगणात जीप नाही. पळत स्टँडच्या पारापाशी गेलो. तात्यानं जीप तिथवर आणून लावली होती आणि तिच्या मागच्या फळीशी आबा उभे होते. कानटोपी नाही, इस्त्रीचा पांढरा शर्ट, एक हात टपावर. आणि ते ओरडत होते. त्याच जुन्या सुरात, शेवटचं अक्षर लांबवत.

"चला, इटाss इटा! घाट, इटा, तासगाव, कवठ्याss! बसा बसा, लगीच सुटनार!"

किती वर्षांनी ती हाळी ऐकत होतो. पारावरची माणसं हसतहसत उठत होती. बाजाराला निघालेल्या दोन बाया टोपल्यांसकट चढल्या. विट्याचा एक गलाईवाला, कोइमतूरला सोनं आटवायचं दुकान असलेला, सासुरवाडीहून परत निघालेला, तो पत्रा वाजवत चढला आणि आत बसून फोनवर मोठ्यानं तमिळ बोलू लागला. आत्यासाठी गुळाच्या ढेपा, उसाची मोळी, पाटणच्या तांदळाची पिशवी. तात्या पुढं. सुलभा दोन बायांच्या मध्ये घट्ट.

"आबा, हे काय चाललंय?"

"वझं पायजे हुतं न्हवं?" आबा म्हणाले. "आनलं वझं. फुकाट हाय म्हनलं, लगीच भरलं."

स्टेअरिंगवर मी बसलो. घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडी आली. पुढं सुर्लीचा रस्ता डोंगराला वळसे घेत वर चढलेला दिसत होता आणि आरशात मागं निळा धूर. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबीव. उतर."

मी उतरलो तेव्हा मला वाटलं, त्यांना पाणी हवं आहे. ते गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या दारात येऊन उभे राहिले. मी दार अडवून उभा राहिलो. तेवढ्यात काय काय बोलून गेलो ते आठवत नाही. डॉक्टर, टाके, घाट, माणसं. शेवटी म्हणालो, "आबा, काही झालं तर मी काय करू?"

मागून सुलभा बोलली. दोन टोपल्यांच्या मधून तिचं तोंड तेवढं दिसत होतं.

"आवं, डॉक्टर काय म्हनले हुते, शेवटपतूर सांगा बघू. मीबी हुते तिथं."

गलाईवाल्यानं फोन खाली घेतला.

"जड उचलायचं नाही," मी म्हणालो.

"आन म्होरं?"

पुढचं मला ऐकू आलेलं होतं. त्या खोलीतला पंखा, टेबलावरचं प्लॅस्टिकचं हृदय आणि डॉक्टरांचे शब्द, सगळं होतं डोक्यात. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. "हाड जुळलं की हळूहळू सगळं करू द्या," मी म्हणालो. "चालू द्या, फिरू द्या, तपासून मग गाडीसुद्धा चालवू द्या. बसवून ठेवू नका."

"तपासनी झाली का?" सुलभानंच विचारलं.

"झाली. गेल्या महिन्यात. सगळं चांगलं आहे."

"मंग सरक की बाजूला!" तात्या खेकसला. "घाट काय तुझी वाट बघत बसतोय व्हय रं, मास्तर? आन मी हाय की शेजारी. ह्याला काय झालं तर हँडब्रेक माझ्या मांडीला लागूनच हाय."

मी बाजूला झालो. आबांनी सीट पुढं ओढली, आरसा स्वतःच्या उंचीला वळवला. स्टेअरिंगवरून दोन्ही हात एकदा फिरवले, गोठ्यात परत आलेल्या जनावराच्या पाठीवरून फिरवावे तसे. मग मान न वळवता मला म्हणाले, "तू मागं बस. पाय सोडून, मागच्या फळीला. धूर बघायचा आन सांगायचा. फुडं बघायचं काम माझं."

म्हणून मी मागच्या फळीवर, रस्त्याकडं तोंड करून बसलो. पोटाशी उसाची मोळी. गाडी सुटली. पहिल्या चढाला आबांनी गिअर खाली घेतला आणि इंजिनाचा आवाज बदलला. इतके दिवस ते माझ्याशी दबून, जणू परवानगी मागत बोलत होतं. आता ते पोटातून बोलायला लागलं.

"धूर?" पुढून आवाज.

"निळा आहे, आबा!"

"असू दे!"

वळण. खाली उसाचे मळे उतरत गेले, पलीकडं कराडच्या बाजूची धुराडी दिसायला लागली. ज्या रस्त्यानं जायचं तो दिसत नव्हता, येऊन गेलेला तेवढा दिसत होता, आणि माझ्या हातात काहीही नव्हतं. ना स्टेअरिंग, ना ब्रेक, ना आबांचा दंड. मी घाबरायची वाट बघत राहिलो. भीती आली नाही. गार वारा आला, टोपलीतल्या मेथीचा वास आला, बायांचं हसणं आलं.

"आता?"

"निळा... कमी आहे! काळपट झालाय!"

"व्हय! वढतीया आता!" तात्या ओरडला, की आबा, ते कळलं नाही. दोघांचा आवाज तेव्हा सारखाच येत होता.

मधल्या मोठ्या वळणावर आबांनी सलग हॉर्न वाजवला. समोरून कुणी येत नव्हतं. तो वडापचा हॉर्न होता. आणि मग माथा आला, रस्ता सपाट झाला, गाडी हलकी झाली.

"मास्तर, धूर?" आबांनी पुढून विचारलं.

मी वाकून, डोळे बारीक करून बघितलं. पुन्हा बघितलं. मागं फक्त रस्ता होता. पांढरट, कोवळ्या उन्हातला, वळत खाली गेलेला रिकामा रस्ता.

"नाही, आबा," मी म्हणालो. मग ओरडलो, "काहीच नाही!"

पुढचं सगळं मला एकाच उजेडात आठवतं. विट्याला गलाईवाल्यानं सगळ्यांना चहा पाजला. तासगावच्या पुढं द्राक्षांच्या बागा, मग हळूहळू हिरवं विरळ होत गेलेलं माळरान आणि आत्याचं रान. आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळलेला गरम हुरडा, लसणाची चटणी. आत्या भावाच्या तोंडाकडं बघत बसली होती. "दादा, आनिक दिऊ?" "दे की." "आनिक?" "तू भाज, मी थांब म्हनलो का?" त्यांचे घास मी मोजत नव्हतो. मोजायचं नाही असं मी घाटात ठरवलं होतं आणि तो शब्द त्या दिवसापुरता तरी पाळला.

तेव्हापासून मी सुधारलो असं नाही. अजूनही चहात साखर मीच चुकवतो. फक्त कुणाची काळजी फार दाटून आली की मी मनातल्या मनात मागच्या फळीवर जाऊन बसतो.

आणि परवा, त्या पुठ्ठेवाल्या टेम्पोच्या मागं असताना, आमच्या जीपच्या स्टेअरिंगवर आबाच होते. ऐंशीकडं झुकलेत, चष्मा बदललाय, घाटात अजूनही विनाकारण हॉर्न वाजवतात. सुर्लीच्या पायथ्याशी टेम्पो बाजूला थांबला. ड्रायव्हर, माझ्याच वयाचा माणूस, खाली उतरून घाटाकडं बघत उभा होता. ते बघणं मी ओळखलं.

आबांनी जीप त्याच्याशेजारी घेतली. "किती झालं रनिंग?"

"झालं की बरंच, आबा. पण घाटाला जीव हुईना. लय जपलंय."

"धूर कसला सोडतूय?"

"निळा येतोय जरा."

"मागं वझं हाय का?"

"न्हाई वो. पार रिकामा हाय."

आबांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी दार उघडून उतरलो, त्या अनोळखी टेम्पोच्या मागच्या फळीवर चढलो आणि पाय खाली सोडून बसलो. ड्रायव्हर गोंधळून बघत होता.

"चला," मी त्याला म्हणालो. "धूर मी सांगतो."

टेम्पो चढाला लागला. मागून आबांची जीप येत होती, काचेत त्यांचा पांढरा शर्ट. पहिल्या वळणावर त्यांनी हॉर्न दिला, लांब, शेवट लांबवलेला. मी दोन्ही हात वर करून हलवले.